प्रतिकृती-विमानांच्या इंजिनातील इंधनमिश्रण आणि कार्यतापमान : एक विवेचन

गोषवारा

प्रतिकृती-विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान ‘ग्लो’ इंजिनात इंधनाचे प्रमाण एका बारीक सुईने नियंत्रित केले जाते. ही सुई केवळ ज्वलनासाठी लागणाऱ्या इंधनाचेच नव्हे, तर इंजिनाच्या वंगणाचे आणि शीतनाचेही नियमन करते. त्यामुळे जमिनीवर सर्वाधिक फेरे देणारी सुईची स्थिती उड्डाणासाठी योग्य ठरत नाही. या विधानामागील भौतिक व रासायनिक कारणांचे विवेचन, तसेच जुळणीच्या प्रत्यक्ष पद्धतीची क्रमवार मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : ग्लो इंजिन, मिथेनॉल, एरंडेल तेल, इंधनमिश्रण, कार्यतापमान, इष्टतम स्थिती.

१. प्रस्तावना

एरोमॉडेलिंग हा आपल्याकडे बहुधा छंद म्हणून ओळखला जातो. तथापि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात तो प्रशिक्षणाचा एक भाग आहे आणि त्या निमित्ताने अनेक महाविद्यालयांच्या मैदानांवर या इंजिनांचा आवाज घुमलेला आहे. आज विद्युत मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी यांनी या क्षेत्राचा मोठा भाग व्यापला आहे, हे खरे. असे असले तरी ऊष्मागतिकी, द्रवगतिकी, उत्प्रेरण आणि पदार्थविज्ञान या चारही विषयांचा एकत्रित प्रत्यय देणारे, तळहातावर मावणारे दुसरे साधन सहसा आढळत नाही. म्हणूनच अध्यापनाच्या दृष्टीने ग्लो इंजिनाचे महत्त्व टिकून आहे.

या इंजिनाविषयी नवोदितांचा एक समज सर्वत्र दिसतो. सुई फिरवत न्यावी, आवाज चढत जाईल, आणि जेथे तो सर्वांत तीव्र होईल तेथे थांबावे, हीच उत्तम जुळणी होय, असा तो समज आहे. जमिनीवर हे खरे भासते. परंतु अशी जुळणी केलेले विमान चढणीवर असताना इंजिन अचानक बंद पडते. दोन-तीन किलो वजनाचे विमान कमी उंचीवर, शक्तिहीन अवस्थेत, प्रेक्षकांच्या दिशेने येऊ लागले की प्रश्न केवळ छंदाचा राहत नाही. याखेरीज दट्ट्या आणि सिलिंडर यांची होणारी झीज भरून निघत नाही, ती वेगळीच. हा समज चुकीचा का आहे, हे पाहण्यासाठी प्रथम इंधनाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

२. इंधनाचे घटक आणि त्यांची कार्ये

ग्लो इंजिनाचे इंधन तीन घटकांचे असते : मिथेनॉल, तेल आणि काही प्रमाणात नायट्रोमिथेन. सर्वसाधारण वापरात तेल १८ ते २० टक्के आणि नायट्रोमिथेन ५ ते १५ टक्के असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील नियंत्रण-दोरीच्या वेगवान विमानांच्या गटासाठी मात्र ८० टक्के मिथेनॉल व २० टक्के एरंडेल तेल असे नायट्रोविरहित इंधन विहित आहे.

मिथेनॉलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे ६.५ पट हवा लागते. पेट्रोलला सुमारे १४.७ पट लागते. म्हणजेच तेवढ्याच हवेबरोबर मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक जाळावे लागते. मिथेनॉलचे उष्मांक मूल्य पेट्रोलच्या निम्म्याहून कमी असल्याने एक किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळपास सारखीच भरते. खरा फरक बाष्पीभवनात आहे. मिथेनॉलचा बाष्पनाचा अप्रकट उष्मा दर किलोग्रॅमला सुमारे ११०० किलोज्यूल, तर पेट्रोलचा सुमारे ३५० किलोज्यूल असतो. एक किलो हवेमागे हिशेब केला तर मिथेनॉल बाष्प होताना सुमारे १७० किलोज्यूल उष्णता शोषून घेते आणि पेट्रोल केवळ २४ किलोज्यूल. जवळजवळ सातपट असलेले हे शीतन इंधनाबरोबर फुकट मिळते. मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनाचा कार्ब्युरेटर हाताला थंडगार लागतो, याचे कारण हेच.

दुसरा घटक तेलाचा. मोटारीप्रमाणे या द्विघाती इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. वंगण इंधनातच विरघळलेले असते आणि धुराबरोबर बाहेर पडते. एरंडेल तेल मिथेनॉलमध्ये सहज विरघळते. पहिल्या महायुद्धातील नोम व ल रोन या फिरत्या विमान-इंजिनांनाही एरंडेलाचेच वंगण दिले जात असे. अतितापलेल्या पृष्ठभागावर एरंडेल तेल जळून नाहीसे होण्याऐवजी घट्ट होत जाते आणि धातूवर संरक्षक थर धरून राहते. कृत्रिम तेले अधिक स्वच्छ असतात, परंतु तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर त्यांचा थर टिकत नाही. म्हणून अनेक जाणकार दोहोंचे मिश्रण पसंत करतात. जगातील एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात, विशेषतः गुजरातेत होते, ही बाबही येथे नोंदविण्याजोगी आहे.

तिसरा घटक नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला अवघी १.७ पट हवा पुरते. परिणामी शक्ती वाढते आणि मंद गती स्थिर राहते. मात्र इंधनाचा एकूण प्रवाह वाढवावा लागतो. नायट्रोचे प्रमाण बदलले की सुईची स्थितीही बदलावी लागते, ती यामुळेच.

३. ग्लो प्लग आणि प्रज्वलनाची वेळ

१९४७ मध्ये अमेरिकेतील रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि ठिणगीसाठी लागणारी बॅटरी, कॉइल व कंडेन्सर यांचे ओझे विमानावरून उतरले. या प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचे लहानसे वेटोळे असते. सुरुवातीस ते दीड व्होल्टच्या बॅटरीने लाल तापवितात. इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घेतात. त्यानंतर ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी उत्प्रेरित अभिक्रिया यांमुळे वेटोळे तापलेलेच राहते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ठिणगीच्या इंजिनात प्रज्वलनाचा क्षण बाहेरून ठरविता येतो. ग्लो इंजिनात तशी सोय नाही. मिश्रण केव्हा पेटेल हे प्लगचे तापमान, संपीडन आणि मिश्रणाची घनता यांवर अवलंबून असते. मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या वेगाने चालणाऱ्या इंजिनात सेकंदाला २०० वेळा ज्वलन होते आणि प्रत्येक आवर्तनास अवघे ५ मिलिसेकंद मिळतात. इतक्या अल्प अवधीत प्रज्वलन किंचित आधी झाले, तरी वर येणाऱ्या दट्ट्यावर विरुद्ध दिशेने दाब पडतो.

४. एक सुई, तीन कार्ये

मैदानावर इंधन अधिक असलेल्या मिश्रणास ‘रिच’ आणि इंधन कमी असलेल्या मिश्रणास ‘लीन’ म्हणतात. हे शब्द रूढ असल्याने येथेही तेच वापरले आहेत.

समजा, सुमारे साडेसात घनसेंटिमीटरचे इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला ३० मिलिलिटर इंधन घेत आहे आणि त्यात २० टक्के तेल आहे. म्हणजे दर मिनिटास ६ मिलिलिटर तेल इंजिनातून जाते. सुई आवळून इंधन १० टक्क्यांनी कमी केले, तर तेलही १० टक्क्यांनी कमी होते आणि बाष्पीभवनाने होणारे शीतनही त्याच प्रमाणात घटते. मोटारीत मिश्रण लीन झाले तरी वंगण व शीतजल पूर्ववत राहते. येथे मात्र तिन्ही गोष्टी एकदमच कमी होतात.

यापुढील साखळी अशी आहे. शीतन घटल्याने सिलिंडरचा माथा आणि प्लग अधिक तापतात. प्लग तापल्याने प्रज्वलन लवकर होते. लवकर झालेल्या प्रज्वलनाने दाब व तापमान आणखी वाढते. तेलाचा थर पातळ झाल्याने घर्षणाची उष्णता त्यात भर घालते आणि प्लग पुन्हा अधिक तापतो. तंत्रविज्ञानाच्या परिभाषेत यास धन प्रत्याभरण म्हणतात. ही प्रक्रिया एकदा सुरू झाली की ती आपोआप थांबत नाही. इंजिन बंद पडते, प्लगचे वेटोळे विरते किंवा दट्ट्या अडकतो.

रिच बाजूस याच्या उलट घडते. अधिक इंधन इंजिन थंड ठेवते, प्रज्वलन किंचित उशिरा होते आणि वेग थोडासा उतरतो. परंतु इंजिन सुरक्षित राहते. मिथेनॉल रासायनिक समतोलापेक्षा बरेच रिच असतानाही जळू शकते, हा त्याचा मोठा गुण होय. त्यामुळे रिच बाजूची चूक थोड्या शक्तीवर भागते आणि लीन बाजूची चूक इंजिनावर बेतते. जुळणीचा सारा विचार या असमतोलावर उभा आहे.

५. जमीन आणि आकाश यांतील अंतर

जमिनीवर योग्य वाटणारे मिश्रण आकाशात लीन होते. याची प्रमुख कारणे तीन आहेत.

पहिले कारण टाकीचे स्थान. टाकी इंजिनाच्या मागे असते. विमानाने नाक वर केले की इंधनाला वर चढावे लागते. हे अंतर १५ सेंटिमीटर धरले, तर सुमारे १.२ किलोपास्कल इतका विरोधी दाब निर्माण होतो. कार्ब्युरेटरच्या घशातील ओढही काही किलोपास्कलांचीच असल्याने हा फरक नगण्य नाही. सायलेन्सरमधील दाब नळीने टाकीत पोहोचवून तो काही अंशी भरून काढता येतो. दुसरे कारण इंधनाची पातळी. उड्डाण जसजसे पुढे जाते तसतशी टाकीतील पातळी उतरते आणि मिश्रण हळूहळू लीन होते. तिसरे कारण प्रॉपेलरवरील भार. विमान वेगाने पुढे जाऊ लागले की पात्यांवरील भार हलका होतो आणि इंजिनाचे फेरे जमिनीवरील आकड्यापेक्षा वाढतात. वाढलेल्या वेगास अधिक इंधन व अधिक वंगण हवे असते.

म्हणून प्रथम सर्वोच्च वेग शोधावा आणि मग सुई उलट फिरवून तो २०० ते ४०० फेऱ्यांनी खाली आणावा, असा संकेत रूढ झाला आहे. हे २०० ते ४०० फेरे वाया गेलेले नसून आकाशात होणाऱ्या बदलांसाठी राखून ठेवलेली ती शिल्लक होय.

६. ऋतू आणि उंची यांचा परिणाम

कार्ब्युरेटरमधून जाणाऱ्या हवेचे वस्तुमान तिच्या घनतेच्या प्रमाणात बदलते, परंतु ओढल्या जाणाऱ्या इंधनाचा प्रवाह साधारणतः घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे हवा विरळ झाली की इंधन हवेइतके कमी होत नाही आणि तीच सुई रिच ठरते. मुंबईत समुद्रसपाटीवर जुळविलेले इंजिन सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात आणले, तर हवेची घनता सुमारे ५ टक्क्यांनी कमी असल्याने मिश्रण अडीच ते तीन टक्क्यांनी रिच होते. सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात हाच फरक सहा ते सात टक्क्यांपर्यंत जातो. प्रवास उलट दिशेने झाला, म्हणजे घाटमाथ्यावरील जुळणी न बदलता विमान कोकणपट्टीत उडविले, तर मिश्रण लीन होते. हा प्रवास अधिक धोक्याचा आहे.

तापमानाचेही तसेच आहे. १५ अंश सेल्सिअसच्या हिवाळी सकाळपेक्षा ४० अंशांच्या दुपारी हवा सुमारे ८ टक्क्यांनी विरळ असते. हिशेबाने सुई थोडी आवळावी लागेल. परंतु तप्त हवेत सिलिंडरचे बाह्य शीतनही कमी होते. म्हणून उन्हाळ्यात हिशेबाइतकी सुई न आवळणेच हिताचे असते. उलट मे महिन्यातील दुपारची जुळणी डिसेंबरच्या पहाटे जशीच्या तशी वापरली, तर मिश्रण लीन होऊन इंजिन धोक्यात येते.

पावसाळ्यात ३० अंश तापमानाच्या संपृक्त हवेत बाष्पाचा वाटा सुमारे ४ टक्के असतो आणि ऑक्सिजन तितकाच कमी मिळतो. शिवाय मिथेनॉल आर्द्रताशोषक आहे. झाकण उघडे राहिलेल्या डब्यातील इंधन हवेतील पाणी शोषून घेते. मग सुई कितीही फिरविली तरी इंजिन नीट चालत नाही आणि बेअरिंग गंजतात. अशा वेळी दोष सुईत नसून डब्यात असतो.

७. जुळणीची क्रमवार पद्धत

(अ) टाकीची मध्यरेषा सुईच्या पातळीस किंवा तिच्या किंचित खाली असल्याची खात्री करावी. नळीतील सूक्ष्म छिद्र, सैल प्लग व कचरलेली गाळणी यांची तपासणी आधी करावी. यांपैकी एक जरी दोष असला तरी पुढील सर्व श्रम व्यर्थ जातात.

(आ) इंजिन रिच स्थितीत सुरू करून काही वेळ गरम होऊ द्यावे. थंड इंजिनाची जुळणी ग्राह्य धरू नये.

(इ) थ्रॉटल पूर्ण उघडून मुख्य सुई थोडी थोडी आवळावी. अतिरिच इंजिन एकाआड एका फेऱ्यास पेटते आणि त्याचा आवाज घोगरा येतो. पुढे तो स्वच्छ व अखंड होतो. वेग वाढेनासा झाला की तो सर्वोच्च बिंदू समजून सुई मागे घ्यावी.

(ई) इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरावी. वेग किंचित वाढून मग उतरला तर मिश्रण योग्य प्रमाणात रिच आहे. लगेच उतरला तर ते लीन आहे.

(उ) सहकाऱ्याकडून विमान घट्ट धरवून नाक सरळ वर करावे. आवाज टिकला किंवा किंचित वाढला तर जुळणी योग्य; तो ढासळला तर सुई आणखी उघडावी.

(ऊ) त्यानंतरच मंद गतीची सुई हाताळावी. अर्धा मिनिट मंद गतीवर ठेवून थ्रॉटल उघडल्यास इंजिन धूर टाकत अडखळले तर मंद मिश्रण रिच आहे; एकदम बंद पडले तर लीन आहे. शेवटी मुख्य सुई पुन्हा तपासावी.

उड्डाणात धुराची बारीक पांढरी रेघ दिसत राहणे, हे तेल वाहत असल्याचे उत्तम लक्षण होय. उतरल्यावर प्लगही पाहावा. वेटोळे चकचकीत असेल तर तापमान योग्य होते. ते निस्तेज, खडबडीत किंवा वाकडे झाले असेल तर इंजिन अतितापले होते. अवरक्त तापमापी वापरावयाची असल्यास नेहमी एकाच जागी रोखावी. एखादा ठराविक आकडा सर्व इंजिनांना लागू पडत नाही. त्याच इंजिनाच्या नोंदींतील बदल अधिक बोलका असतो.

८. अतिथंड इंजिनही सदोष

येथवरच्या विवेचनावरून इंजिन जितके थंड तितके चांगले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आधुनिक एबीसी रचनेत ॲल्युमिनियमचा दट्ट्या आणि क्रोमियमचा मुलामा दिलेली पितळी नळी असते. ही नळी वरच्या टोकास किंचित निमुळती असते. पितळेचे प्रसरण या दट्ट्याच्या मिश्रधातूपेक्षा अधिक होत असल्याने कार्यतापमान गाठल्यावरच दोहोंतील अंतर योग्य होते. असे इंजिन दीर्घकाळ अतिरिच व थंड चालविले, तर प्रत्येक फेऱ्यास दट्ट्या वरच्या टोकाशी घासून झिजतो. कडी असलेल्या दट्ट्याच्या इंजिनास मात्र सुरुवातीस अल्पकाळाच्या, रिच आणि थंड फेऱ्याच मानवतात. ‘नवे इंजिन रिच चालवावे’ हा सरसकट नियम दोन्ही रचनांना सारखा लावणे योग्य नव्हे.

९. सुरक्षिततेचे मुद्दे

दहा इंची प्रॉपेलर मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरत असता पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १६० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५७५ किलोमीटर असतो. म्हणून सुई नेहमी प्रॉपेलरच्या मागे उभे राहूनच फिरवावी आणि पात्यांच्या समोर व फिरण्याच्या प्रतलात कोणासही उभे राहू देऊ नये. मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही, याची जाणीव विद्यार्थ्यांना दिली पाहिजे. मिथेनॉल हे विष आहे व ते त्वचेतूनही शरीरात जाते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. प्रयोगशाळेतील किंवा छात्रसेनेच्या भांडारातील इंधनाचा डबा कुलपात, ठळक खुणेसह आणि नोंदवहीत नोंदवूनच ठेवावा.

१०. निष्कर्ष

१) ग्लो इंजिनाची सुई ज्वलन, वंगण आणि शीतन या तिन्हींचे एकाच वेळी नियमन करते.

२) लीन मिश्रणाने निर्माण होणारी उष्णता स्वतःच वाढत जाते; रिच मिश्रणाचे तोटे मर्यादित राहतात. म्हणून जुळणीचा कल नेहमी रिच बाजूस असावा.

३) टाकीचे स्थान, इंधनाची पातळी व प्रॉपेलरवरील भार यांमुळे आकाशात मिश्रण लीन होते. सर्वोच्च वेगाच्या २०० ते ४०० फेरे खाली केलेली जुळणी यासाठीच आवश्यक असते.

४) हवा थंड व दाट झाली की जुनी जुळणी लीन ठरते. स्थळ किंवा ऋतू बदलल्यास जुळणी नव्याने करावी.

५) अतिथंड इंजिनही झिजते, योग्य कार्यतापमान ही दोन मर्यादांमधील एक पट्टी होय.

कमाल मूल्य आणि इष्टतम मूल्य यांतील भेद आपण वर्गात फळ्यावर आलेख काढून शिकवितो. आलेखातील शिखराच्या एका बाजूस सौम्य उतार आणि दुसऱ्या बाजूस कडा असेल, तर शिखरावर उभे न राहता उताराच्या बाजूस चार पावले अलीकडे थांबणे शहाणपणाचे ठरते. ही गोष्ट विद्यार्थ्याला स्वतःच्या कानांनी ऐकू यावी आणि बोटांनी अनुभवता यावी, याकरिता हे छोटेसे इंजिन अतिशय उपयुक्त आहे. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व यंत्र-अभियांत्रिकी विभागांनी छात्रसेनेच्या हवाई पथकांशी सहकार्य करून अशी प्रात्यक्षिके योजिल्यास तिन्ही विषयांच्या अध्यापनास त्याचा लाभ होईल.